आधी दगडाला विचारा: हाताने बोल्ट ठोकण्याबद्दल तुमचे प्रश्न

बॅटरीवर चालणारी हलकी ड्रिल मशिन आता सहज मिळतात. मग हाताने भोकं पाडत बसायचा हट्ट कशासाठी? (पुणे)

हट्ट नाहीच. (नवख्यांसाठी: बोल्ट म्हणजे कड्यावर चढताना दोर अडकवायला दगडात भोक पाडून बसवलेला खिळा.) जुन्या रूटवरचे गंजलेले बोल्ट बदलायला जाणार असाल, वरून दोर लावून निवांत लटकता येणार असेल, तर खुशाल मशिन न्या. दहा मिलिमीटरचं भोक मिनिटा-दोन मिनिटांत होतं आणि हातापेक्षा गोल होतं. पण सुळक्यावर लीड करताना, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढताना, दगडाच्या कंगोऱ्यात अडकवलेल्या एका हुकवर नाहीतर डुगडुगणाऱ्या मेखेवर उभं राहून, तीन-चार किलोंचं धूड कमरेला लोंबकळत ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय बॅटरी नेमकी शेवटच्या भोकाला संपते. होल्डर (बिट पकडणारा दांडा), हातोडी आणि दोन-तीन बिट (भोक पाडणाऱ्या सळया) मिळून दीड किलोच्या आत बसतं, आणि चार्जिंग लागतं ते फक्त तुमच्या दंडाला. मी स्वतः दोन्ही वापरतो.

काळ्या फत्तरात तासभर ठोकूनही भोक पुरं झालं नाही, वर बिटचं टोक उडालं. माझं काय चुकतंय? (नाशिक)

बहुतेक जोर चुकतोय. विहिरीच्या खोदकामात सुरुंगाचं भोक मारताना तुम्ही कुणाला पाहिलं असेल तर आठवा. एक जण पहार धरून बसायचा, दुसरा घण घालायचा, आणि प्रत्येक घावानंतर धरणारा पहार जराशी फिरवायचा. न फिरवता ठोकलं की पहार अडकायची. आपलं होल्डर म्हणजे तीच पहार, फक्त एकट्याची. सहाशे-सातशे ग्रॅमची हातोडी घ्या, मनगटातून हलके आणि भरभर घाव घाला, आणि दर घावाला बिट साधारण एक अष्टमांश फेरा फिरवा. बिटच्या टोकाला कार्बाइड असतं. ते कठीण असतं तसंच ठिसूळही. न फिरवता दणके घातले की त्याचा टवका उडतो. तुमचं तेच झालं असणार.

दुसरी गोष्ट धूळ. भोकात पीठ साचलं की तुम्ही दगड नाही, पीठ कुटत असता. दर काही मिनिटांनी रबरी नळीने फुंकून ते बाहेर काढा. फुंकताना डोळे मिटा, गॉगल असला तर उत्तम. शेवटी ब्रश फिरवून पुन्हा फुंका. खोलीची खूण म्हणून बिटवर चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. वेज बोल्टसाठी (नट आवळला की भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) भोक थोडं जास्त खोल झालं तर बिघडत नाही, कमी पडलं तर बिघडतं.

सुरुवातीचा सेंटिमीटर फार जपून मारा. बिट दगडाला काटकोनात धरा आणि हात डोलू देऊ नका. दोन धारांचा बिट हाताने वेडावाकडा फिरला की भोक गोल न राहता किंचित तिकोनी होतं. मग वेज बोल्टला नीट पकड मिळत नाही, नट आवळताना तो नुसता फिरत राहतो. असा फिरणारा बोल्ट ‘चालेल की’ म्हणून सोडू नका.

आणि हे सगळं करण्याआधी, बिट बाहेर काढण्याआधी, हातोडीने दगड वाजवून बघा. टणटणीत खणखण आली तर पुढे जा. ढब् असा आवाज आला तर तो पापुद्रा आहे, मागे पोकळी आहे. सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलाय. सगळा दगड एकसारखा काळा दिसला तरी तसा नसतो. घट्ट बसाल्टच्या वर-खाली बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला, पांढरं झिओलाइट खनिज भरलेला मऊ दगड येतो. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीसारखा पट्टा येतो. त्या पट्ट्यात बिट लोण्यात सुरी जावी तसा जातो आणि नवशिका खूश होतो. तिथे घाबरायला हवं! तासभर घेणारं भोकच बऱ्याचदा भरवशाचं असतं. कडेपासून आणि दुसऱ्या बोल्टपासून वीतभर तरी अंतर ठेवा.

वेळेचं म्हणाल तर घट्ट बसाल्टमध्ये दहा मिलिमीटरच्या एका भोकाला मला अर्धा ते पाऊण तास लागतो. तासभर लागला म्हणून लाजू नका.

एका सुळक्यावर जुने स्पिट आहेत. त्यांवर रॅपल करावं (दोरावरून खाली उतरावं) का? (ठाणे)

न बघता, नाही. स्पिट म्हणजे स्वतःच्याच दातांनी भोक पाडणारी पोकळ नळी. ती होल्डरला लावून ठोकायची, मग टोकाला शंकू घालून पुन्हा ठोकायची, की ती आतून फुलते. गुहांमध्ये उतरणाऱ्यांचं हे आवडतं साधन, तिथून ते आपल्याकडे आलं. नेहमीची नळी बारा मिलिमीटर जाड असते, आत जाते फक्त तीस मिलिमीटर, आणि हँगर (दोराची कडी अडकवायची पट्टी) धरणारा स्क्रू आठ मिलिमीटरचा. आपल्या दगडात नळीचे दात भोक पुरं होण्याआधीच बोथट व्हायचे, मग दुसरी नळी खर्ची घालावी लागे. कंटाळून कुणी भोक अर्धवट सोडलं असेल तर नळीचं तोंड दगडाबाहेर डोकावताना दिसेल. तशीवर भार देऊ नका.

ज्या नळ्या दगडाशी समतल बसल्यात, त्यांचीही खरी पंचाईत ही की गंज आत असतो. हँगर चकचकीत दिसतो, कारण तो कुणीतरी मागच्या वर्षी बदललेला असतो. परतीचा दुसरा मार्ग नसेल तर एकावर कधीच नाही. दोन-तीन बोल्ट एकत्र बांधून भार वाटून घ्या, आणि खाली आल्यावर ते बदलायची मोहीम आखा.

मी कॅलिफोर्नियात असतो. इथल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात कड्यांवर मशिन का चालत नाही? (सॅन होजे)

कारण तिथे मोटरच्या ड्रिलला बंदी आहे. हाताने मारलेला बोल्ट चालतो. अमेरिकेत 1964च्या वाइल्डरनेस कायद्याने संरक्षित जंगलांत मोटरवर चालणारी साधनं बंद केली, आणि योसेमिटीचा बहुतेक भाग 1984पासून त्याच कायद्याखाली येतो. गिर्यारोहकांमध्येही याला पाठिंबा बराच आहे. एका बोल्टला अर्धा तास घाम गाळावा लागला की माणूस दहादा विचार करतो, आणि कडा खिळ्यांनी भरत नाही.

तरी हाताने ठोकणाऱ्यालाही वेड लागू शकतं. अमेरिकन गिर्यारोहक वॉरेन हार्डिंगने नोव्हेंबर 1958 मध्ये योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्यावरची ‘नोज’ ही चढाई पुरी केली, तेव्हा माथ्याखालच्या पुढे झुकलेल्या भिंतीवर त्याने रात्रभर जागून 28 बोल्ट ठोकले. ग्रॅनाइटमध्ये, हाताने! नुसत्या विचारानेच माझं कोपर दुखायला लागतं. पण 1970 साली इटालियन गिर्यारोहक सेझारे माएस्त्रीने दक्षिण अमेरिकेत पाटागोनियातल्या सेरो टोरे शिखरावर पेट्रोलचा कॉम्प्रेसर चढवून शेकड्यांनी बोल्ट मारले, त्यापुढे हार्डिंग संयमीच म्हणायचा. माएस्त्रीच्या त्या बोल्टांपैकी शंभराहून जास्त 2012 मध्ये दोन तरुणांनी उपटून टाकले, त्यावरूनही मोठा वाद झाला.

समुद्रालगतच्या कड्यावर स्टेनलेस बोल्ट पुरेसा आहे ना? (पणजी)

डोळे झाकून नाही. थायलंडमधल्या क्राबीच्या किनारी कड्यांवर स्टेनलेसचे बोल्टही वरून ठीक दिसत असताना आतून तडकून तुटले. खारी हवा आणि ऊन दोन्ही त्याला कारण. तिथे आता टायटॅनियमचे, रासायनिक गोंदाने बसवलेले बोल्ट वापरतात. त्याला जाड भोक लागतं, तेव्हा हाताने करायचं तर रजा जास्त काढा. हार्डवेअरच्या दुकानातला झिंकचा मुलामा दिलेला बोल्ट तर घाटमाथ्यावरही नको, आणि स्टेनलेस बोल्टला मुलाम्याचा हँगर लावू नका. दोन धातूंच्या जोडीत गंज लवकर धरतो.

सरावासाठी लोहगडाच्या खालच्या कातळावर भोकं मारली तर चालेल? (पिंपरी)

नाही. ते संरक्षित स्मारक आहे. कायदा नसता तरीही मी नाहीच म्हटलं असतं.

बंद पडलेल्या एखाद्या खाणीत मालकाला विचारून पडलेला धोंडा निवडा आणि दहा भोकं मारा. प्रत्येकात स्वस्तातला बोल्ट बसवून नट आवळा, मग पहारीने उपटून बघा. पहिले दोन-तीन बोल्ट नट आवळतानाच फिरतील. सातव्या-आठव्याला पहार वाकायला लागली तर मला कळवा.