घरचं रॅन्च पातळ होतंय? आधी पाण्याचा बंदोबस्त करा

तुम्ही विचारलंय की रेसिपीत 'बटरमिल्क' होतं म्हणून घरचं ताक घातलं, तर रॅन्च (शेपू-लसूण घातलेलं दाट, पांढरं अमेरिकी सॅलड ड्रेसिंग) पातळ झालं, दुसऱ्या दिवशी वर पाणी आलं आणि लसणाचा उग्र वास सुटला. शिवाय तुम्हाला ते बिनअंड्याचं हवंय, मुलांना गाजर-काकडीबरोबर डिप म्हणून आणि सॅलडवर घालायलाही. हे सगळं घरी नक्की जमतं. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन पाण्याच्या आहेत, म्हणून सुरुवात पाण्यापासून करते.

अमेरिकेत दुकानात मिळणारं बटरमिल्क म्हणजे कमी सायीच्या दुधाला विरजण लावून आंबवलेलं, ओतताना जाडसर धार पडणारं दूध. आपलं ताक म्हणजे पाणी घालून घुसळलेलं दही. अर्धा कप ताक घातलंत की त्यातला मोठा भाग नुसतं पाणीच असतो. त्यामुळे ताक विसरा आणि चक्का घ्या. अर्धा किलो ताजं, आंबट न झालेलं दही सुती कापडात बांधून फ्रीजमध्येच पाच-सहा तास टांगा. बाहेर टांगलं तर आपल्या हवेत आंबतं आणि मग मिठाचा, लिंबाचा सगळा हिशोब बिघडतो. साधारण पाव किलो चक्का मिळेल. डेअरीतला तयार चक्काही चालतो, फक्त चव घेऊन बघा. श्रीखंडाला करतो तसा तो बारीक चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा, नाहीतर डिपमध्ये कण लागतात. आणि मिक्सर लावू नका. मिक्सरमध्ये दह्याची घडण मोडते आणि घट्ट चक्कासुद्धा सैल पडतो. चमच्याने किंवा व्हिस्कने हलकेच एकजीव करा.

आता मेयोनीज. आपल्याकडचे बरेचसे एगलेस मेयो गोड असतात आणि तो गोडवा रॅन्चमध्ये लपत नाही, म्हणून दुधाचं मेयो घरी करा. अर्धा कप उकळून फ्रीजमध्ये गार केलेलं दूध आणि एक कप वास नसलेलं तेल (सूर्यफूल चालेल, शेंगदाणा नको) उंच, अरुंद भांड्यात घ्या. हॅन्ड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा आणि खालचं मिश्रण पांढरं, घट्ट होईपर्यंत हलवू नका. मग सावकाश वर उचला. दुधातली प्रथिनं तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतात, अंड्याची गरज पडत नाही. लिंबू आणि मीठ शेवटी. कच्च्या अंड्याचं मेयो मात्र मुलांसाठी करू नका, असं मी आवर्जून सांगेन. तेलंगणानं 2024 मध्ये आणि तमिळनाडूनं 2025 मध्ये त्यावर एक वर्षाची बंदी घातली, ती साल्मोनेलासारख्या जंतूंच्या भीतीनेच.

प्रमाण असं: अर्धा कप चक्का, अर्धा कप मेयो, एक मोठा चमचा बारीक चिरलेला शेपू, दोन मोठे चमचे कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग, मिळाली तर एक मोठा चमचा पार्सली, अर्धा छोटा चमचा लसूण पावडर, तेवढीच कांदा पावडर, पाव छोटा चमचा ताजी मिरपूड, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा लिंबाचा रस. पार्सली नसेल तर सोडून द्या. तिच्याऐवजी कोथिंबीर घातली की चव लगेच हिरव्या चटणीकडे जाते. शेपू मात्र सोडू नका. रॅन्चला रॅन्च करतो तो शेपूच, आणि आपल्या भाजीबाजारात तो जुडीने मिळतो.

ही पानं धुतल्यावर कापडावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या. शेपूची पानं पिसासारखी बारीक, त्यांच्यात पाणी अडकून बसतं. जुडी झटकली की कोरडी वाटते, पण चिरायला घेतली की पाटावर ओला डाग उमटतो. तो डाग दिसला तर अजून अर्धा तास थांबा. जाड दांडे काढा आणि धारदार सुरीने चिरा. बोथट सुरीने पानं चिरडतात आणि त्यांचं पाणी डिपमध्ये उतरतं.

वाळवलेला शेपू वापरायला कमीपणा मानू नका. रॅन्चचा प्रसारच कोरड्या मसाल्यातून झालाय. स्टीव्ह हेन्सन हे अलास्कात प्लंबिंगची कंत्राटं घेत आणि कामगारांसाठी स्वयंपाकही करत. तिथे हे ड्रेसिंग आकाराला आलं. 1954 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं कॅलिफोर्नियात सँटा बार्बराजवळ हिडन व्हॅली नावाचं, पाहुण्यांना राहता येईल असं रॅन्च (म्हणजे गुराढोरांचं मोठं शेत) सुरू केलं. ड्रेसिंगला इतकी मागणी आली की ते मसाल्याची पाकिटं टपालाने विकू लागले. लोक घरी मेयो आणि बटरमिल्क घालून कालवत. बाटली खूप नंतरची. तेव्हा वाळलेला शेपू ताज्याच्या एक तृतीयांश घ्या, पाणी सुटण्याचा प्रश्नच राहत नाही.

लसूण पावडर सांगितली ती तुमच्या तिसऱ्या तक्रारीसाठी, उग्र वासासाठी. कच्चा लसूण ठेचला की त्याचा तिखट, उग्र वास तयार होतो आणि रात्रभरात तो बाकी सगळ्यावर चढतो. ताजाच हवा असेल तर अर्धी पाकळी थेट लिंबाच्या रसात किसा, आंबटपणामुळे उग्रपणा बराच कमी होतो. कच्चा कांदा किसून घालू नका, तो पाणीही सोडतो आणि कडवटही होतो.

एवढं करूनही 'बाटलीसारखं लागत नाही' असं मुलं म्हणतील, कारण बाटलीत मोनोसोडियम ग्लुटामेट असतं. आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो तेच. हवं असेल तर दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं घाला आणि मीठ थोडं कमी करा.

कालवल्यावर किमान दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. कोरड्या पावडरी ओल्या होऊन मुरायला वेळ लागतो, म्हणून लगेच चाखून मीठ वाढवू नका. हे झालं डिप. ड्रेसिंग हवं असेल तेव्हा लागेल तेवढंच वाटीत काढून चमचाचमचा गार दूध घालत सैल करा. सगळं एकदम पातळ केलंत तर ते टिकत नाही. कोरड्या चमच्याने काढलंत तर तीन-चार दिवस छान राहतं.

आत्ता जे पातळ झालंय ते फेकू नका. वरचं पाणी ओतून टाका, त्यात तीन-चार मोठे चमचे चाळलेला चक्का मिसळा आणि दोन तास गार करा. लसूण तरीही जास्त वाटला, तर उकडलेल्या बटाट्यांवर घालून आजच संपवा. बटाट्यात लसूण खपून जातो.