व्हॅनचा हॉर्न आणि घरची शाळा

«माझा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्यापासून सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की त्याच्या पोटात दुखायला लागतं. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते म्हणून मीच त्याला स्कूटरवर सोडते, तेव्हा बरा असतो. उद्या रविवार, त्या आनंदात असेल. मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आहेत, घरूनच काम करतात. ते म्हणतात, शाळेतून काढू, ऑनलाइन शाळेत घालू. फी वर्षाला 70,000. गणित ते शिकवणार, बाकीचं मी बघायचं, म्हणजे नोकरी सोडायची. पण गणित शिकवताना त्यांचा आवाज चढतो आणि पोरगं रडतं. सासूबाई म्हणतात, शिकल्यासवरल्या घरातलं पोर घरी बसलं तर लोकांना काय सांगायचं? मुलाला विचारलं, तर म्हणतो, ‘घरीच बरं.’ मी काय करू? — एक आई, सांगली»

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शनिवारपाशी अडले.

उद्याच्या रविवारचा आनंद असता, तर तो पहिल्या-तिसऱ्या शनिवारीही झाला असता. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी शाळा तीच, बाई त्याच, बाकही तोच. नसते ती फक्त व्हॅन. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण वर्गात तीस वर्षं काढलेल्या बाईला पोटदुखीची मुलं ओळखू येतात. त्यांचं दुखणं खरंच असतं, फक्त ते पोटात नसतं.

तेव्हा आधी एवढंच करा. पंधरा दिवस व्हॅन बंद. मिस्टर घरीच असतात ना? मग सकाळी ते सोडतील. ‘काय झालंय?’ असं त्याला विचारू नका, त्याचं उत्तर ‘काही नाही’ हेच येतं. गाडीवर मागे बसलेला असताना, तोंड दिसत नसताना सहज विचारा: व्हॅनमध्ये तू कुठे बसतोस? खिडकी कोणाला मिळते? आठवीतली मुलं कुठे बसतात? डबा सगळ्यांचा शाबूत पोचतो का? मुलं अशा प्रश्नांना उत्तरं देतात. काही कळलं, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्रास व्हॅनमध्ये असेल, तर त्यासाठी शाळा सोडायचं कारण नाही.

आणि व्हॅनमध्ये काहीच नसेल तर? तर वर्गशिक्षिकेकडे जा, त्याच्या वह्या मागून बघा. तोंडी सगळं येतं आणि लिहायला बसलं की हात थांबतो, असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. हे घरी बसवून सुटणारं नाही. उलट घरी ते जास्त दिवस लपून राहतं.

आता होमस्कूलिंगचं. मी त्याच्या विरोधात नाही, हे मिस्टरांनाही वाचून दाखवा. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांचं कर्तव्य मानलंय. पण न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकवायला परवानगी देणारं कलमही नाही. त्यामुळे होतं काय, की दाखला काढल्यावर तुमचा मुलगा कागदावर ‘शाळाबाह्य’ ठरू शकतो आणि सर्वेक्षणाला निघालेले गुरुजी तुमच्या दारातही येऊ शकतात. सासूबाईंनी काय सांगायचं ते तेवढं आधी ठरवून ठेवा! पुढे मन बदललं, तर 14 वर्षांपर्यंत वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क याच कायद्याने दिलाय. म्हणजे परतीची वाट आहे.

परीक्षेचीही सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, दहावी 14 वर्षं पूर्ण झाली की देता येते. पाच विषय, त्यात एक तरी भाषा. वर्षातून दोनदा परीक्षा आणि पाच वर्षांत नऊ संधी. पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. दहावीला मराठी माध्यमही आहे. आपल्या राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसण्याचा, सतरा नंबरचा फॉर्म तर तुम्हाला ठाऊक असेलच. तेव्हा ‘मुलाचं दहावीचं काय?’ ही भीती बाजूला ठेवा.

भीती असलीच तर त्या 70,000 ची असावी. वर्ग ऑनलाइन शाळा घेते, दहावीचं प्रमाणपत्र मात्र बोर्ड देतं. म्हणून पैसे भरायच्या आधी लेखी विचारा: संलग्नता कोणत्या बोर्डाची, आणि दहावीला आमच्या मुलाचा फॉर्म कोण भरणार? उत्तरात ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ वगैरे आलं आणि बोर्डाचं नाव आलं नाही, तर उठून या.

मिस्टरांनी मालविका जोशीचं उदाहरण दिलं असेल, सगळे देतात. मुंबईची मुलगी, सातवीत शाळा सोडली, इन्फर्मेटिक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगच्या, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं आणि 2016 मध्ये थेट अमेरिकेत एमआयटी. खरंय. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही खरं. आणि तिला घरी शिकवण्यासाठी नोकरी सोडली ती तिच्या आईने.

इथेच मला तुमच्या पत्रातलं खरं दुखणं दिसतं. कल्पना मिस्टरांची, गणित मिस्टरांचं, आणि ‘बाकीचं’ तुमचं. ‘बाकीचं’ म्हणजे मराठी, इंग्रजी, हिंदी, विज्ञान, इतिहास, भूगोल, दोन वेळचं खाणं आणि दुपारी तीनला ‘आई, कंटाळा आला’. एक वही घ्या आणि सोमवार ते शनिवार तासातासाचं वेळापत्रक मिस्टरांनाच त्यांच्या हाताने लिहू द्या: सकाळी अकराला मुलाजवळ कोण, त्या वेळी त्यांची मीटिंग असेल तर काय. ते भरेपर्यंत राजीनाम्याचा विषय काढू नका. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर त्याच वेळापत्रकाने चालवून बघा, तुम्ही बँकेत जात असताना.

आवाज चढतो त्याचं म्हणाल, तर गोपाळराव जोश्यांनी आनंदीबाईंना घरीच शिकवलं. त्या 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, आपण कौतुकाने सांगतो. त्या शिकवणीत मारही होता, ते सांगत नाही. तुमच्या मिस्टरांना मी गोपाळरावांच्या पंगतीला बसवत नाही, पण शाळेत ओरडणाऱ्या बाई चार वाजता घरी जातात. बाबा रात्री जेवायलाही समोरच असतात. गणितासाठी दुसरं कोणी शोधा.

मुलगा ‘घरीच बरं’ म्हणतो, ते मी अजून उत्तर म्हणून धरणार नाही. व्हॅन सुटू द्या, मग पुन्हा विचारा.

व्हॅनवाल्या काकांचे या महिन्याचे पैसे मात्र पूर्ण देऊन टाका. त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, निदान मुलगा बोलेपर्यंत तरी. आणि पंधरा दिवसांनी मला कळवा, खिडकी कोणाला मिळते ते.