सॅमन माशांच्या नद्या सावरण्यात सामान्य लोकांचा खरंच उपयोग होतो का, की नुसती झाडं लावून फोटो काढतात?

फोटो काढायला येणारे असतात, ते नाकारत नाही. पण मी अमेरिकेत सिॲटलजवळ राहतो आणि काही वर्षं इथल्या ओढ्यांवर काम करणाऱ्या गटाबरोबर जातोय. तिथे जे पाहिलं ते सांगतो.

आधी माशाबद्दल थोडं. (मुंबईत रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण तो मासा वेगळा.) सॅमन ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला बहुतेक वेळा त्याच ओढ्यात परततो. कोकणात मृगाच्या पावसात चढणीचे मासे वर जातात ना, तसा. फरक इतकाच की इथला सॅमन अंडी घातली की मरतो. अंडी गोट्यांच्या फटींत असतात. काठ ढासळून गाळ आला की ती गुदमरतात आणि उन्हाने पाणी तापलं की पिल्लांचे हाल होतात. म्हणून काठाला झाडं लागतात.

झाडं लावणं त्यातल्या त्यात सोपं. शनिवारी सकाळी पावसात तीसचाळीस माणसं जमतात आणि दुपारपर्यंत काठ लावून होतो. विलोच्या तर नुसत्या फांद्या चिखलात ठोकायच्या, शेवग्याचा खुंट रोवतो तशा. खरी कसोटी पुढची चारपाच वर्षं. हिमालयन ब्लॅकबेरी नावाची काटेरी जाळी इथे माजली आहे. नावात हिमालय असला तरी ती आर्मेनियाकडची. एका उन्हाळ्यात आम्ही फिरकलो नाही, तर आमची निम्मी रोपं तिने गिळली. तिचा गड्डा मुळासकट उकरावा लागतो, वरवर छाटली तर दुप्पट जोमाने येते. त्या कामाला सातआठ जणच उरतात, आणि काठ टिकतो तो त्यांच्यामुळे.

इथल्या आदिवासी जमातींचं नाव न घेता हे उत्तर देता येणार नाही. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर आपल्या हक्काच्या नदीत मासे धरले म्हणून पन्नासहून जास्त वेळा अटकेत गेले. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की अमेरिकी सरकारशी झालेल्या जुन्या करारांप्रमाणे धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा. तेव्हापासून नद्यांच्या निर्णयात त्या सरकारच्या बरोबरीने बसतात. २००९ साली निस्क्वाली नदीच्या मुखाजवळचे बांध फोडून सुमारे ३०० हेक्टरवर भरतीचं पाणी परत आणलं गेलं. हे अशा रेट्याशिवाय झालं नसतं.

आता तुमच्या शंकेचं खरं उत्तर. सिॲटलमध्ये लाँगफेलो नावाचा ओढा आहे. तो सुधारला, कोहो जातीचे सॅमन परतले, आणि अंडी घालण्याआधीच मरू लागले. काही वर्षी निम्म्याहून जास्त माद्या. हे कळलं, कारण कोणीतरी दर पावसाळ्यात काठाने चालत मेलेले मासे मोजत होतं. आजही स्वयंसेवक मोजतात. मीही गेलोय. मादी उचलायची, पोट चिरायचं, आत गाबोळी भरलेली आहे का बघायचं आणि शेपटी कापून ठेवायची, म्हणजे तोच मासा दोनदा मोजला जात नाही. पहिल्यांदा ती नारिंगी गाबोळी जशीच्या तशी हातात आली तेव्हा मला बोलवेना. समुद्रातून इतकं अंतर तोडून आलेली ती, आणि शेवटच्या काही तासांत गेली.

कारण सापडायला २०२० चा डिसेंबर उजाडला. गाड्यांच्या टायरला तडे जाऊ नयेत म्हणून ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं, आणि पावसाबरोबर रस्त्यावरून ते ओढ्यात उतरतं. कोहोला मारायला ते अगदी थोडंही पुरतं. चम जातीचा सॅमन त्याच पाण्यात तगतो.

टायर अजून तेच आहेत. पण तेच पाणी आधी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपवलं की कोहो जगतात, हे प्रयोगांत दिसलंय. म्हणून आमचा गट आता एका पार्किंगच्या कडेला तसे खड्डे करतोय. पालापाचोळा साचला की ते तुंबतात, आणि दर महिन्याला ते उपसायला आम्हाला दोन माणसं हवी आहेत.