निटिनॉलची तार काचेच्या कापडात विणावी की वरून शिवावी?

तुम्ही विचारलंय की कंपोझिटसाठी (राळेत भिजवून घट्ट केलेल्या कापडासाठी) निटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची, तार काचतंतूंच्या कापडात मागावरच विणावी, की कापड झाल्यावर वरून शिवावी. नमुन्याच्या मागावर मी दोन्ही करून पाहिलंय. तारेचा मार्ग वळणावळणाचा असेल तर शिवा. सरळ असेल तर विणा, कारण शिवताना सुईने काचतंतू तुटतात.

ही तार थंड असताना ताणली की लांबते आणि तशीच राहते. तापवली की मूळ लांबीवर परत येते. एकदाच वापरायची तर आठ टक्क्यांपर्यंत ताण चालतो. हजारो वेळा चालवायची असेल तर तीन-चार टक्क्यांपुढे जाऊ नका.

पहिला त्रास रिळापाशीच होतो. दोऱ्यासारखी रिळाच्या टोकावरून ओढली तर दर वेढ्याला तारेत एक पीळ भरतो. ताण जरा सैल पडला की तिचा छल्ला होतो, आणि तो ओढला गेला की कायमची मुरड. म्हणून रीळ फिरतं ठेवा आणि तार कडेने सुटू द्या.

साध्या विणीत, म्हणजे एक धागा वर एक खाली अशा, तार नागमोडी बसते. तापल्यावर ती आधी स्वतःची नागमोड सरळ करते आणि तिचं आकुंचन त्यातच खर्ची पडतं. म्हणून मी तार बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, अगदी सरळ टाकते. ताण्याचे, म्हणजे उभे, काचेचे धागे सगळे तिच्या खालून जातात, आणि वरून फक्त बारीक पॉलिस्टरचा बांधधागा तिला धरून ठेवतो.

मात्र सगळ्यात जास्त काळजी भट्टीत घ्यायची. ताणलेली तार ७० अंशांना जागी होणारी, म्हणजे आखडू लागणारी, आणि इपॉक्सी राळ १२० अंशांना पिकणारी असेल, तर राळ घट्ट होण्याआधीच तार आखडते. माझी एक पट्टी अशीच गेली. काचेची पट्टी अर्धपारदर्शक असते; उजेडासमोर धरली तेव्हा दिसलं की तारांची टोकं कडेपासून आत सरकली होती आणि मागे केसाएवढ्या पोकळ नळ्या उरल्या होत्या. तेव्हापासून तारांची दोन्ही टोकं कापडाबाहेर लांब सोडते आणि पोलादी चौकटीत आवळूनच पट्टी भट्टीत घालते.

कार्बनचं कापड सुरुवातीलाच घेऊ नका. कार्बन वीजवाहक आहे, त्यामुळे तार तापवायला सोडलेली वीज त्यातच पसरते. पुढे घ्यायचंच झालं तर तारेवर आधी काचेच्या धाग्याचं वेष्टन चढवा.