चढावर दम तोडणारा लष्करी ट्रक

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील माझा पेट्रोलवरचा डॉज ट्रक इंदुरात सपाट रस्त्यावर नीट चालतो, मात्र खंडवा रस्त्यावरील भेरूघाट चढताना कार्बोरेटरमधून फटफट आवाज येऊन त्याची ताकद जाते आणि काही वेळ थांबल्यावर तो पूर्ववत चालतो. दोष कोठे असावा?

उत्तर : थांबल्यावर ताकद परत येते, ही यातली सर्वांत मोलाची खूण आहे, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेले असते तर ते विश्रांतीने सुधारले नसते, म्हणून इंजिन खोलण्याची घाई कृपया करू नका. कार्बोरेटरमधला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, आवाज पेट्रोल कमी पडत असल्याचे सुचवतो. ताकद जाऊ लागताच चोक (हवा कमी करून मिश्रणातले पेट्रोल वाढवणारी झडप) थोडा ओढून पाहा. इंजिन सावरले, तर तपास पेट्रोलच्या वाटेवरच करायचा. आधी टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र पाहा, कारण ते बुजले की टाकीतील हवेचा दाब घटतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. मग इंजिन थंड असताना पंपाकडे येणारी रबरी नळी काढून तपासा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जुन्या नळीचे आतले अस्तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने फुगून सुटते आणि चढावर, जेव्हा इंजिनाला सर्वाधिक पेट्रोल लागते, नेमके तेव्हाच वाट अडवते. अशी नळी साफ करत बसू नये. इथेनॉलला टिकणारी नवी बसवावी आणि पंपाचा पडदाही त्याच वेळी बदलावा. गाळणीत टाकीचा गंज साचलेला असतोच. चोकने काहीच फरक पडला नाही, तर तापल्यावर कमजोर पडणारी इग्निशन कॉइल आणि कंडेन्सर या ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेतील भागांकडे वळावे.