शेजारच्या काकूंना घरात त्रास होतोय अशी शंका आली, तर काय पाहायचं आणि कुठे सांगायचं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: खालच्या मजल्यावरच्या काकूंची उजवी बाजू पॅरालिसिसने अधू झालीय. मुलगा-सून कामावर जाताना बाहेरून कुलूप घालतात. दंडावर निळे डाग दिसले, विचारलं तर काकू "पडले गं" म्हणतात. लेकीशी फोनवर बोलणंही बंद झालंय. तुमचे प्रश्न दोन: पुराव्याशिवाय तक्रार करता येते का, आणि आपलं नाव बाहेर येईल का.

पहिल्याचं उत्तर, येते. तपास पोलिसांनी करायचा असतो; तुम्ही जे पाहिलं-ऐकलं ते तारीखवार सांगायचं. मात्र कोणाकडे काय सांगायचं हे आधी ठरवा. खऱ्या तक्रारीसुद्धा चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या शब्दांत गेल्या की कागदावरच राहतात.

आधी डागांबद्दल. उतारवयात कातडी पातळ होते, आणि पॅरालिसिसनंतर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध बहुतेकदा चालू असतं. अशा माणसाला साध्या धक्क्यानेही काळंनिळं होतं. त्यामुळे कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला, नडगीवर डाग दिसला म्हणून लगेच मारहाण समजू नये. मान, कान, मांडीची आतली बाजू, पाठ, कुल्ले आणि तळपाय इथे मात्र पडल्यामुळे डाग क्वचितच उठतात. मनगटाभोवती किंवा घोट्याभोवती पट्ट्यासारखा वळ असेल तर बांधून ठेवल्याची शंका घ्यावीच लागते. दंडावरचे बोटांएवढे गोल डाग फसवे असतात. कोणी गच्च धरून हिसकलं तरी तसे उठतात, आणि लुळ्या माणसाला पलंगावरून उचलताना दंडाला धरलं तरी उठतात. रंगावरून डाग किती जुना ते ठरवू नका, म्हाताऱ्या माणसात एका दिवसातही पिवळेपणा येऊ शकतो. कुठे, केवढा, कोणत्या तारखेला दिसला, आणि तेव्हा काकू काय म्हणाल्या, एवढंच वहीत लिहा. दर वेळी कारण बदलत असेल, किंवा काकूंच्या आधी सूनच उत्तर देत असेल, तर ते डागाइतकंच महत्त्वाचं.

खरं तर मारहाणीपेक्षा हेळसांड जास्त दिसते आणि तीच लोकांच्या नजरेतून सुटते. लघवीचा वास, वाढलेली नखं, कोरडी पडलेली जीभ, दोन महिन्यांत सैल झालेल्या बांगड्या. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र "हरवलंय" आणि कोणी आणून देत नाही. बीपीच्या गोळ्यांची पट्टी पंधरा दिवस जिथल्या तिथे. किंवा याच्या उलट, बोलकं माणूस अचानक दिवसभर पेंगायला लागतं. तेव्हा झोपेची गोळी कोण, किती देतंय हे डॉक्टरांनी विचारायला हवं. माकडहाडावर किंवा टाचेवर जखम असेल तर थोडं थांबा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, आणि मनापासून करणाऱ्यांच्या घरातही बेडसोर होतात. तिथे पाहायचं ते हे की जखमेचं ड्रेसिंग होतंय का, डॉक्टरांना दाखवलंय का.

आणखी एक सावधगिरी. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेली व्यक्ती "सुनेने पैसे चोरले", "मला जेवायला देत नाहीत" असं ठामपणे सांगते आणि बऱ्याचदा तसं घडलेलं नसतं. म्हणून आधी मोडीत काढायचं नाही आणि तेवढ्यावर तक्रारही ठोकायची नाही. वजन, औषधं, पासबुक काय सांगतंय ते बघायचं. कुलपाचंही तसंच. भ्रमिष्ट माणूस रस्त्यावर भरकटू नये म्हणून दार बंद ठेवणं वेगळं, आणि शुद्धीवर असलेल्या बाईला आठ-दहा तास फोनशिवाय कोंडणं वेगळं. आग लागली तर त्या बाहेर येऊ शकतील का, हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचाच.

पुढची पायरी, काकूंशी एकटीने बोलणं. सून घरात असताना विचारलंत तर "छान चाललंय" हेच ऐकू येईल, आणि तुम्ही गेल्यावर त्याची झळ त्यांनाच बसेल. कुलूप असेल तर खिडकीतून, नाहीतर डॉक्टरकडे किंवा फिजिओथेरपीला नेतात तेव्हा. "मारतात का?" असं थेट विचारू नका. "दिवसभर पाणी कोण देतं?", "पेन्शन कोण काढून आणतं?", "लेकीला फोन करायचा का?" असे प्रश्न विचारा. आणि शेवटी हे विचाराच: "तुम्हाला काय हवंय?" अनेकींना मुलावर केस नको असते, मार थांबावा, औषध मिळावं, लेकीकडे चार महिने जाता यावं, एवढंच हवं असतं. शुद्धीत असलेल्या माणसाची इच्छा डावलून केलेली तक्रार पहिल्याच चौकशीत त्यांच्याच "नाही हो, असं काही नाही" वर संपते. जिवाला धोका असेल तर मात्र संमतीसाठी थांबू नका.

आता कुठे जायचं.

आत्ता मारहाण चालू आहे, आत कोणी बेशुद्ध आहे, दोन दिवस कुलूप उघडलेलं नाही: ११२ वर फोन (आपत्कालीन मदत). बाकी सल्ल्यासाठी आणि मध्यस्थीसाठी एल्डरलाइन, १४५६७. ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते आणि शेजाऱ्यांनीही फोन केला तरी चालतो. तुमच्यासारख्या प्रकरणात मी सुरुवात इथूनच करायला सांगेन.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. इथे एक बारकावा आहे. नुसतं "मारतात" लिहिलंत तर साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून "घरगुती मामला आहे, मिटवून घ्या" म्हणतील. कोंडून ठेवणं (त्याच संहितेचं कलम १२७) दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येतो. तीन दिवस किंवा जास्त असेल तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून जे खरोखर पाहिलंय ते नेमकं लिहा: "अमुक तारखेपासून सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते संध्याकाळी सात दाराला बाहेरून कुलूप असतं. अमुक तारखेला दुपारी दोन वाजता त्यांनी खिडकीतून पाणी मागितलं." "राक्षसी वृत्तीचे लोक" वगैरे विशेषणांनी अर्ज कमकुवत होतो. दखलपात्र गुन्हा असूनही घेतला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे (आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे), आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. दवाखान्यात नेलंत तर मेडिको-लीगल नोंद (पोलिसांना कळवली जाणारी दुखापतीची नोंद) करायला सांगा. ती पुढे फार उपयोगी पडते.

काकू अपंग आहेत, म्हणून २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ७ लागू होतं. कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना (सहसा तहसीलदार) कळवू शकतं आणि ते सुटका, संरक्षण आणि देखभालीचा आदेश देऊ शकतात. हा मार्ग फार कमी लोक वापरतात. वय साठच्या आत असलेल्या, अवलंबून असलेल्या माणसासाठी तर हाच सगळ्यात सरळ. मनोरुग्ण व्यक्तीची घरात हेळसांड होत असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे पोलीस ठाण्याला कळवायचं.

खर्च, घर, सांभाळ यांचे प्रश्न पोलिसांकडे नेऊ नका. त्यासाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आणि प्रांत अधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण. काकू स्वतः अर्ज करू शकतात, जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये, निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत (फार तर ३० दिवस जास्त), आणि निकाल लागेपर्यंतचा अंतरिम भत्ता मागता येतो. पहिल्याच अर्जात तो मागा, राहून गेलं की महिने जातात. काकूंना २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सुनेविरुद्धही. बाई आणि दिव्यांग म्हणून उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा.

तुमच्या नावाबद्दल. एफआयआर तुमच्या फिर्यादीवर झाला तर नाव येणारच. एल्डरलाइनला नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. कौटुंबिक हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्यांना (या कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) प्रामाणिकपणे दिली, तर २००५ च्या त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे माहिती देणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. एकटीने पुढे व्हायचं नसेल तर सोसायटीच्या कमिटीचं किंवा जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं पत्र द्या, पोलीस त्याला जास्त वजन देतात. लेकीला मात्र आजच कळवा. तिच्या अर्जापुढे "तुम्ही कोण?" हा प्रश्न उरत नाही.

आणि पैशांचं बघायला तिला सांगा: पासबुक, पेन्शन खात्याला कोणाचा मोबाइल जोडलाय, एटीएम कार्ड कोणाकडे, अलीकडे कुठे अंगठा घेतलाय का. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये (वर स्थानिक अधिभार), त्यामुळे बक्षीसपत्र पटकन होतं. ते झालंच असेल तर नक्कल काढून "सांभाळ करण्याच्या अटीवर" असं लिहिलंय का ते पाहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घ्यायला अशी अट दाखवावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावायला आणि ताबा परत द्यायलाही मान्यता दिली. अजून काही झालं नसेल, तर कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नका, एवढं काकूंना पुन्हा पुन्हा सांगा.

अर्ज दिल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस सगळ्यात नाजूक. राग काकूंवर निघतो, गोळ्या बंद होतात, शेजाऱ्यांना दार उघडलं जात नाही. त्या काळात पोलीस ठाण्यातून घरी भेट द्यायला लेखी मागणी करा, आणि रोज ठरलेल्या वेळी कोणीतरी खिडकीशी हाक मारेल अशी मजल्यावर पाळी लावा. एक दिवस उत्तर आलं नाही तर सरळ ११२.