पांदणीवरचं गाजर गवत: पऱ्हाटीशेजारी टू-फोर-डी नको

प्रश्न (हिंगणा तालुका, जि. नागपूर): सर, पांदणीच्या (शेतरस्त्याच्या) दोन्ही अंगाला अन् धुऱ्यावर (बांधावर) गाजर गवत कमरेएवढं झालं, काही ठिकाणी फुलं पण आली. टू-फोर-डी तणनाशक मारलं तर स्वस्तात होते म्हणतात. लगत माझी पऱ्हाटी (कपाशी) आहे, मारू का?

उत्तर: नका मारू भाऊ, हात जोडून सांगतो. कपाशीला टू-फोर-डी अजिबात सोसत नाही, हवेनं नुसते तुषार उडून आले तरी शेंड्याची नवी पानं भेंडीच्या पानासारखी चिरतात, पात्या (फुलाच्या कळ्या) धरत नाहीत. आणखी एक, ज्या पंपानं हे मारलं तोच पंप पाण्यानं खंगाळून पऱ्हाटीवर फवारायला घेतला तरी वावर बिघडते, म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

आता करायचं काय, तर पाऊस पडून गेला की माती मऊ असते तेव्हा उपटा, मुळासकट, आणि फुलावर आलेली झाडं आधी, कारण एकेक झाड दहा-पंधरा हजार बी टाकते. नुसतं विळ्यानं कापलं तर बुडातून परत फुटते अन् बुटकंच फुलते. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला दुपट्टा बांधाच, खाज सुटते अन् दम्याच्या माणसाला तर हे काम देऊच नका. बिनफुलाचं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालते, फुलांचं नाही, ते वेगळं खोल पुरा.

उपटताना तरोटा मात्र सोडा! आपण कोवळ्या पाल्याची भाजी खातो तोच. तो दाट आला की गाजर गवताला दाबून टाकते. दिवाळीच्या आसपास शेंगा वाळल्या की बी गोळा करा आणि पुढच्या वर्षी पावसाच्या आधी पांदणीच्या कडेनं फेका, वावरात नको.

अन् पानांवर मळकट पांढऱ्या पाठीचे, काळ्या नागमोडी रेघांचे बारके भुंगे दिसले तर कीटकनाशक मारू नका, ते मेक्सिकन भुंगे आहेत, 1984 मध्ये मुद्दाम आपल्या देशात सोडलेले, गाजर गवताचाच पाला खातात. भोकं पाडलेल्या डब्यात पाल्यासकट पकडून आणा न आपल्या पांदणीवर सोडा. हे पावसाळ्यातच जमते, थंडीत भुंगे मातीत जाऊन बसतात.

पांदण एकट्याची नसते, दोन्ही बाजूच्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात उपटलं तरच उपयोग, नाही तर पलीकडचं बी पुराच्या पाण्यानं तुमच्याच धुऱ्यावर येते.